धूर गाडायचा कुठे?

साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधून रोज टनावारी कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि तोही जवळजवळ शुद्ध. नॉर्वेत असाच वायू पकडून समुद्राच्या तळाखाली पुरतात. मग कराड-इस्लामपूरचा वायू अरबी समुद्राखाली जाऊ शकेल? की त्याची जागा आपल्या पायाखालच्या काळ्या कातळातच आहे? या प्रश्नाच्या उत्तरात ऊस आहे, कोयना आहे, भूकंप आहे आणि कदाचित तुमचं करिअरही.

ऊसपट्ट्यात नवं वर्ष सुरू होतं ते बॉयलर अग्निप्रदीपनानं. मग गव्हाणीत मोळी पडते, भोंगा वाजतो आणि रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. कॉलेजला जाताना एसटीच्या खिडकीतून कारखान्याचं धुराडं दिसतं. त्यातला धूर सगळ्यांना दिसतो, त्यावर गप्पाही होतात. पण त्याच आवारातल्या डिस्टिलरीतून जो वायू निघतो तो कुणालाच दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. फर्मेंटरजवळ गेलं तर मळीचा आंबूस वास तेवढा येतो.

हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. जगभरातले इंजिनिअर धुरातून जो वायू वेगळा काढण्यासाठी घाम गाळतायत, तो आपल्याकडे आयता, वेगळा होऊन बाहेर येतो. आणि बहुतेक वेळा आपण तो तसाच सोडून देतो.

एका लिटरमागे पाऊण किलो

आधी साधा हिशेब करू. यीस्ट साखर खातं तेव्हा ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू तयार होतात. इथेनॉलचा रेणूभार ४६, कार्बन डायऑक्साइडचा ४४. म्हणजे वजनानं जेवढं इथेनॉल, जवळपास तेवढाच वायू. एक लिटर इथेनॉल साधारण ७९० ग्रॅम भरतं. त्यामागे वायू निघतो सुमारे ७५० ग्रॅम. लिटरमागे पाऊण किलो, एवढं लक्षात ठेवा.

आता दिवसाला एक लाख लिटर इथेनॉल काढणारी डिस्टिलरी घ्या. तिच्यातून रोज ७५ टन कार्बन डायऑक्साइड निघणार. वर्षातले ३०० दिवस ती चालली, तर साडेबावीस हजार टन. अशा दहा डिस्टिलऱ्या धरल्या तर सव्वादोन लाख टन. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशानं २०२५ मध्ये गाठलं. त्यासाठी ज्या जिल्ह्यांमध्ये डिस्टिलऱ्या वाढल्या, त्यात सातारा-सांगलीही आहेत.

यावर कुणी म्हणेल, हा वायू उसानंच हवेतून घेतलेला आहे, तो परत हवेत गेला तर बिघडलं काय? मुद्दा बरोबर आहे. कोळशाचा कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होता, तो आपण वर आणला. उसाचा कार्बन वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतच होता. म्हणून उसाचा वायू सोडला तर खातं जवळपास शून्यावर राहतं. पण तोच वायू पकडून कायमचा पुरला, तर खातं शून्याच्या खाली जातं. हवेत होता त्यापेक्षा कमी कार्बन हवेत उरतो. कोळशाच्या प्लान्टवर कितीही खर्च केला तरी तो जास्तीत जास्त शून्यापर्यंत पोचतो. ऊस त्याच्याही पुढे जाऊ शकतो. खरी गंमत इथे आहे.

अर्थात या हिशेबातून काही गोष्टी वजाही कराव्या लागतात. रासायनिक खतं, पाणी उपसण्याच्या मोटारींची वीज, ऊसतोड झाल्यावर फडात पेटवलेलं पाचट. पाचट जाळून वर डिस्टिलरीचा वायू पुरला, तर तो भोक पडलेल्या बादलीत पाणी भरण्याचा प्रकार होईल.

चिमणीतला धूर आणि फर्मेंटरचा वायू

कार्बन पकडायचा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चिमणी येते. पण चिमणीतून बाहेर पडणाऱ्या हवेत बराचसा नायट्रोजन असतो. कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण १२ ते १५ टक्केच असतो. तो वेगळा काढायला धूर अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणातून सोडतात. द्रावण वायू धरून ठेवतं, मग ते तापवलं की वायू सुटतो आणि द्रावण पुन्हा वापरता येतं. तापवायला वाफ लागते, वाफेला इंधन लागतं. सगळा खर्च तिथेच होतो.

भारतात असे प्रयोग सुरू झालेत. टाटा स्टीलनं २०२१ मध्ये जमशेदपूरला रोज ५ टन वायू पकडणारा प्लान्ट सुरू केला. एनटीपीसीनं विंध्याचल वीजकेंद्रात रोज २० टन पकडून त्यापासून मिथेनॉल करण्याचा प्रकल्प उभारला. तमिळनाडूत तुतिकोरीनला पकडलेल्या वायूपासून सोडा ॲश बनवायला २०१६ च्या सुमारास सुरुवात झाली.

आता फर्मेंटर पाहा. तिथला वायू पाण्याची वाफ आणि थोडं अल्कोहोल धुऊन काढलं की जवळपास ९९ टक्के शुद्ध. अमाइन नको, वाफ नको. फक्त धुवा, वाळवा आणि दाबा. दाबायला टनामागे साधारण शंभर-सव्वाशे युनिट वीज लागते. काही डिस्टिलऱ्या असा वायू बाटलीबंद करून विकतातही. तो सोडा-कोल्ड्रिंकमध्ये, वेल्डिंगमध्ये, ड्राय आइसमध्ये जातो. धंदा म्हणून उत्तम, पण हवामानाच्या हिशेबात त्याला फारशी किंमत नाही. बाटलीचं झाकण उघडलं की फस्स करून वायू परत हवेत. पकडणं आणि साठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात येतं.

समुद्राच्या तळाखाली म्हणजे नेमकं कुठे?

आधी एक गैरसमज दूर करू. समुद्राखाली साठवणं म्हणजे पाण्यात सोडणं नव्हे. पाण्यात सोडला तर समुद्र आम्लधर्मी होईल आणि शंख-शिंपल्यांपासून माशांपर्यंत सगळ्यांच्या जिवावर बेतेल. समुद्रात कचरा टाकण्याविरुद्धच्या लंडन प्रोटोकॉलमध्ये २००६ साली दुरुस्ती झाली. तिनं परवानगी दिली ती समुद्रतळाच्या खालच्या खडकात साठवायला, पाण्यात नाही.

खडकात जागा कुठून येते? वाळूचा खडक स्पंजसारखा असतो. त्याच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांत खारं पाणी भरलेलं असतं. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर तापला आणि हवेच्या दाबाच्या ७३ पटींहून जास्त दाबला, की तो धड वायूही राहत नाही आणि धड द्रवही. तो द्रवासारखा दाट होतो आणि वायूसारखा सहज वाहतो. साधारण ८०० मीटर खोलीनंतर ही स्थिती आपोआप मिळते. म्हणून त्याहून खोल असा वाळूचा खडक शोधायचा आणि त्याच्यावर चिकणमातीच्या खडकाचं घट्ट झाकण आहे ना, ते तपासायचं.

नॉर्वेनं हे १९९६ पासून करून दाखवलंय. उत्तर समुद्रातल्या स्लाइपनर क्षेत्रातल्या नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइड जास्त होता. तो काढल्याशिवाय गॅस विकता येत नव्हता, आणि काढून हवेत सोडावा तर सरकारनं १९९१ मध्ये लावलेला कार्बन कर भरावा लागत होता. कंपनीनं हिशेब केला. कर भरण्यापेक्षा पुरणं स्वस्त पडत होतं. तेव्हापासून बरीच वर्षं दरवर्षी दहा लाख टनांच्या आसपास वायू तिथे समुद्रतळाखाली गेला. ध्वनिलहरी सोडून त्या वायूचा नकाशा वेळोवेळी काढला जातो.

पुढचं पाऊल पडलं ऑगस्ट २०२५ मध्ये. नॉर्वेतल्याच ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात पकडलेला वायू जहाजानं किनाऱ्यावरच्या टर्मिनलला आला, तिथून शंभरेक किलोमीटरच्या पाइपलाइनमधून समुद्रात गेला आणि तळाखाली २,६०० मीटरवर पोचवला गेला. या प्रकल्पाचं नाव नॉर्दर्न लाइट्स. थोडक्यात, कारखाना एकीकडे, साठवण दुसरीकडे आणि मधे वाहतूक. हे मॉडेल सातारा-सांगलीसाठी महत्त्वाचं आहे, कारण आपल्याला समुद्र नाही.

मात्र सगळंच गोड नाही. ऑस्ट्रेलियातल्या गॉर्गन प्रकल्पानं २०१९ मध्ये सुरुवात केली, पण ठरवलेल्या लक्ष्याच्या तो बराच खाली राहिला. अमेरिकेतल्या डिकेटरचं उदाहरण तर आपल्या अगदी जवळचं. तिथे मक्यापासून इथेनॉल बनवतात आणि फर्मेंटरचाच वायू जमिनीखाली दोन किलोमीटरवरच्या वाळूच्या खडकात पुरतात. २०११ ते २०१४ या तीन वर्षांत तिथे दहा लाख टन वायू यशस्वीपणे पुरला गेला. पण २०२४ मध्ये देखरेखीच्या विहिरीत गळती होऊन द्रव नेमून दिलेल्या थराबाहेर गेल्याचं उघड झालं आणि काम थांबवावं लागलं. पुरलं आणि विसरलं, असं इथे चालत नाही. पुढची अनेक वर्षं कुणीतरी पहारा द्यावा लागतो.

आपल्या पायाखालचा काळा दगड

मग अमेरिकेसारखं आपणही जमिनीखालीच का पुरू नये? कारण आपल्या खाली तसला खडकच नाही. सातारा-सांगली उभे आहेत बेसॉल्टवर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचं पठार घडलं. अजिंक्यताऱ्याच्या आणि सज्जनगडाच्या उतारांवर जे पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात, ते हेच थर.

हा कातळ आत किती खोल जातो, हे आपल्याला नेमकं माहीत आहे, आणि त्याचं श्रेय कराडला जातं. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी कराडला आहे. भूकंप जिथे जन्मतो तिथपर्यंत उतरून त्याचा अभ्यास करायचा, हे तिचं काम. कोयना परिसरात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल बोअर मारण्याचं काम २०१७ मध्ये पूर्ण झालं. त्यात बेसॉल्टची जाडी निघाली सुमारे सव्वा किलोमीटर. त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक. कोयना भागातल्या बोअरमध्ये या दोन्हींच्या मधे वाळूच्या खडकाचा थर सापडला नाही. म्हणजे नॉर्वे किंवा डिकेटरची पद्धत इथे जशीच्या तशी लागू होणार नाही.

पण बेसॉल्टची स्वतःची एक खासियत आहे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असतं. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड म्हणजे सौम्य आम्ल. ते बेसॉल्टला कुरतडतं, ही मूलद्रव्यं सुटतात आणि कार्बनशी जोडली जाऊन कार्बोनेट बनतात. वायूचा चक्क दगड होतो. दगड झाला की गळती नाही आणि पहाराही फारसा नको.

आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पानं २०१२ मध्ये सुमारे अडीचशे टन वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला. ९५ टक्क्यांहून जास्त वायूचं दोन वर्षांच्या आत खनिज झालं होतं. हे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये आले, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी डोळे चोळले. तोवर या कामाला शेकडो वर्षं लागतील असं धरलं जात होतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वॉलुला इथे २०१३ मध्ये जवळपास हजार टन वायू पाण्याशिवाय, नुसता दाबून बेसॉल्टमध्ये सोडला. दोन वर्षांनी खडकाचा नमुना वर काढला, तर त्याच्या पोकळ्यांत कार्बोनेटचे गोळे सापडले.

हे तुम्ही स्वतःही पाहू शकता. आपल्याकडच्या खाणीत किंवा घाट फोडलेल्या ठिकाणी काळ्या दगडातल्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक दिसतात ना? त्यातले काही झिओलाइट, काही कॅल्साइट. कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. निसर्गानं कधीकाळी कार्बन दगडात कोंडला, त्याची ही पावती. मात्र यात एक अडचणही आहे. पोकळ्या आधीच भरलेल्या असतील, तर नव्या वायूला जागा कमी मिळणार.

भारतात एकूण किती जागा असेल? आयआयटी मुंबईतल्या संशोधकांच्या अंदाजानुसार देशात सगळ्या प्रकारच्या खडकांत मिळून साधारण ४०० ते ६०० अब्ज टन वायू मावू शकतो. त्यात बेसॉल्टचा वाटा ९७ ते ३१६ अब्ज टन. नीती आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या अहवालातही हे आकडे आलेत. ९७ आणि ३१६ मधली दरी पाहा. ती सांगते की हा कागदावरचा अंदाज आहे. प्रत्यक्ष बोअर मारल्याशिवाय खरा आकडा कळणार नाही.

कोयनेचा धडा

इथवर वाचून वाटेल, चला, कोयनेतच बोअर मारलेलं आहे, तिथेच पुरून टाकू. थांबा.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे दोनशे माणसं गेली, हजारो बेघर झाली. शिवसागर जलाशय भरायला सुरुवात झाली ती त्याआधी काहीच वर्षं, आणि तेव्हापासूनच छोटे धक्के वाढले होते. पुढे शिराळा तालुक्याच्या बाजूला वारणेचं धरण १९८५ पासून भरू लागलं आणि १९९३ नंतर धक्के त्याही बाजूला वाढले. या पट्ट्यात पाचपेक्षा जास्त तीव्रतेचे वीसहून अधिक भूकंप झालेत. धरणामुळे होणाऱ्या भूकंपांचा अभ्यास करायचा तर जगात कोयनेचं नाव आधी घेतलं जातं.

यामागचं कारण समजून घ्या. जमिनीत भेगा असतात. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात, घर्षण त्यांना धरून ठेवतं. भेगेत पाण्याचा दाब वाढला की ती पकड सैल होते. आधीच ताणात असलेली भेग सरकते. पाणी धरणातून झिरपलेलं असो की बोअरमधून दाबलेलं, भेगेला फरक कळत नाही. दक्षिण कोरियात पोहांग इथे २०१७ मध्ये ५.५ तीव्रतेचा भूकंप झाला. भू-औष्णिक ऊर्जेसाठी जमिनीत दाबलेलं पाणी त्याला कारणीभूत होतं, असं तिथल्या चौकशीत निघालं.

म्हणून कोयना-वारणा पट्टा कार्बन पुरण्याची जागा नव्हेच. पण कोयनेत जमवलेलं ज्ञान मात्र अशी जागा निवडताना सोन्याच्या मोलाचं आहे. कुठे पुरू नये, हे छातीठोकपणे सांगू शकणारे लोक कराडमध्ये बसलेत.

दुसरा प्रश्न पाण्याचा. कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन वायूसाठी साधारण २५ टन पाणी लागतं. आपल्या ७५ टनांच्या डिस्टिलरीला रोज सुमारे १९ लाख लिटर. दहा हजार लिटरचा एक, असे १९० टँकर. आइसलँडमध्ये पाणी मुबलक आहे, आणि ते जमिनीतूनच काढून परत जमिनीत सोडता येतं. पण जत, आटपाडी, माण, खटावमध्ये जाऊन हा हिशेब सांगून बघा. लोक विचारतील, प्यायला टँकर येत नाही आणि तुम्ही दगडाला पाणी पाजायला निघालात? प्रश्न रास्तच आहे.

मग अरबी समुद्र?

आता समुद्र का, ते उलगडतं. दख्खनचा बेसॉल्ट कोकण किनाऱ्याशी संपत नाही. किनाऱ्यालगत लाव्हाचे थर पश्चिमेकडे झुकतात. पनवेल फ्लेक्शर नावानं भूगर्भशास्त्रात हा वाक प्रसिद्ध आहे. पुढे हेच थर समुद्राखाली जातात आणि त्यांच्यावर चुनखडक, वाळू, चिकणमाती यांचे गाळाचे थर बसलेत. बॉम्बे हायचं तेल १९७४ मध्ये सापडलं ते अशाच चुनखडकात. म्हणजे समुद्राखाली दोन्ही पर्याय आहेत. वर गाळाचे खडक आणि रिकामी होत चाललेली तेल-वायू क्षेत्रं, खाली बेसॉल्ट. वरती गाव नाही, विहीर नाही, सातबारा नाही. आणि पाणी हवं तर खारं पाणी तिथे अथांग आहे. गोड्या पाण्याऐवजी समुद्राचं पाणी वापरून वायूचा दगड करण्याचे प्रयोग आइसलँडनं सुरूही केलेत.

पण वायू तिथवर न्यायचा कसा? कराडहून कुंभार्ली घाटानं चिपळूण शंभरेक किलोमीटर. पुढे दाभोळ, जयगड ही बंदरं. रोजच्या ७५ टनांना २० टनी टँकर चार लागतील. डिझेल जाळून सगळं मुसळ केरात जाणार नाही का? बघू. टँकर लिटरला तीन किलोमीटर देतो असं धरा. चिपळूणला जाऊन-येऊन २०० किलोमीटर, म्हणजे ६७ लिटर. लिटरमागे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एकूण १८० किलो. २० टनांच्या मानानं हे एक टक्क्याच्या आत. कार्बनच्या हिशेबात वाहतूक परवडते. पैशांच्या हिशेबात मात्र टँकर, टर्मिनल, जहाज, समुद्रातली विहीर असा प्रत्येक टप्पा महाग होत जातो. एका कारखान्याला ते झेपणार नाही. पण सातारा, सांगली, कोल्हापूरच्या डिस्टिलऱ्या आणि किनाऱ्यावरचे पोलाद आणि विजेचे मोठे प्रकल्प एकाच टर्मिनलवर आले, तर चित्र बदलू शकतं. सहकार म्हणजे आणखी काय असतं?

गंमत म्हणजे सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला काही पाठवण्याची आपल्याला सवय आहे. कोयनेचं पाणी बोगद्यांतून कोकणात उतरतं, १,९६० मेगावॉट क्षमतेचे जनित्रसंच फिरवतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. वायूच्या पाइपलाइनचं स्वप्न इंजिनिअरिंगच्या दृष्टीनं त्यापेक्षा अवघड नाही.

बिल कुणाच्या नावावर?

स्लाइपनरची गोष्ट पुन्हा आठवा. तिथे यंत्राआधी कर आला. वायू हवेत सोडणं फुकट असेल तर तो पुरायला कुणी पैसे का घालवेल? भारतानं जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिटच्या बाजाराची योजना अधिसूचित केली. युरोपनं २०२६ पासून पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम यांसारख्या आयात मालावर कार्बनची किंमत लावायला सुरुवात केली. म्हणजे कार्बनला भाव येतोय. तो पुरेसा चढला, तर आज हवेत जाणारे ७५ टन उद्या कारखान्याच्या ताळेबंदात दिसतील. मग पुढचा प्रश्न येईल, त्यातलं उसाच्या बिलात किती उतरणार? कार्बन उसानं गोळा केला, ऊस शेतकऱ्यानं वाढवला. सभासदांनी हा प्रश्न वार्षिक सभेत विचारायला हवा, आणि तो विचारण्याइतकं रसायनशास्त्र त्यांच्या मुलामुलींना यायला हवं.

संमतीचा प्रश्न त्याहून जुना आहे. कोयनेची वीज राज्यभर गेली, पण ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांच्यातले अनेक जण पुनर्वसनासाठी पिढ्यान् पिढ्या झगडत राहिले. समुद्रात सातबारा नसला तरी तिथे दालदी आहेत, कोळी आहेत, त्यांची मासेमारीची ठिकाणं आहेत. ‘तिथे कुणी राहत नाही’ हे वाक्य आपण कोयनेच्या खोऱ्याबद्दल बोललो नसतो. मग ते समुद्राबद्दल बोलतानाही दहादा विचार करायला हवा. आधी विचारायचं, मग मोजायचं आणि मगच पुरायचं, हा क्रम चुकता कामा नये.

आणि एक टीका तर अगदी थेट आहे. पुरायची सोय झाली की लोक जास्तच जाळतील. हा धोका खरा आहे. सौर पंप, पवनचक्की, पाचट कुजवणं यांनी जो कार्बन मुळात निघणारच नाही, तो पुरायचीही गरज नाही. तो नेहमीच सगळ्यात स्वस्त. पुरायची वेळ यावी ती उरलेल्या कार्बनवर. सिमेंट बनवताना चुनखडीतून निघणारा वायू टाळता येत नाही, आंबवताना निघणारा टाळता येत नाही. पुरण्याचा खर्च करायचा तर तो अशा वायूवर करायचा, आळशीपणे जाळलेल्या कोळशावर नाही.

तुमच्यासाठी यात काय?

बरंच काही. केमिकल आणि मेकॅनिकलवाल्यांना कॉम्प्रेसर, पाइपलाइन, गंज, वायू वाळवणं ही कामं. जिऑलॉजीवाल्यांना बेसॉल्टमधल्या पोकळ्या, भेगा, झिओलाइट. फिजिक्सवाल्यांना भूकंपमापन. मायक्रोबायोलॉजीवाल्यांना फर्मेंटर. कॉमर्सवाल्यांना कार्बन क्रेडिटचा हिशेब, लॉवाल्यांना समुद्रतळाचे हक्क आणि शंभर वर्षांनी गळती झाली तर जबाबदार कोण, हा भलामोठा प्रश्न. कार्बन पकडणं आणि वापरणं यासाठी आयआयटी मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र आहे, बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये दुसरं. साखर आणि इथेनॉलचं ज्ञान हवं तर मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. आणि कराडची लॅब तर अगदी हाकेच्या अंतरावर.

प्रोजेक्टसाठी विषय शोधताय? तीन सुचवतो. एक, बाटलीत गुळाचं पाणी आणि यीस्ट घालून तोंडाला फुगा लावा. किती गुळामागे किती वायू जमतो ते मोजा आणि आपल्या पाऊण किलोच्या हिशेबाशी ताडून पाहा. दोन, जवळच्या खाणीतले बेसॉल्टचे तुकडे आणा, चुरा करून सोडावॉटरमध्ये ठेवा आणि दर आठवड्याला पीएच मोजा. आम्ल मवाळ होतंय का, ते पाहा. तीन, जवळच्या डिस्टिलरीचं रोजचं उत्पादन विचारून घ्या आणि तिच्या वायूचा वर्षाचा हिशेब मांडा. असा तक्ता तालुक्या-तालुक्यात तयार झाला, तर कुठल्या रस्त्यावर किती टँकर आणि कुठे पाइपलाइन, याचा पहिला नकाशा कॉलेजच्या पोरा-पोरींच्या हातून होईल.

अरबी समुद्राखाली सातारा-सांगलीचा पहिला टन कधी जाईल? त्याआधी समुद्रात बोअर मारून खडक तपासावा लागेल, नियम पक्के व्हावे लागतील, कार्बनला भाव मिळावा लागेल आणि मच्छीमारांशी बोलावं लागेल. यातलं एकही काम एका हंगामात होणारं नाही. पण आज तुम्ही पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल, तर ही कामं ऐन भरात येतील तेव्हा तुम्ही तिशी-पस्तिशीत असाल. खडक कुठला, भेग कुठे, पैसा कुणाचा आणि पहारा कोण देणार, हे ठरवणाऱ्या टेबलावर तेव्हा कुणीतरी बसलेलं असेलच. ते आपल्या ऊसपट्ट्यातलं असावं, एवढीच अपेक्षा.